रंध्याचे प्रश्न

सुताराने चपला काढल्या, खिशातली टेप, पेन्सिल आणि मोबाइल बाकावर ठेवला आणि तो वजनकाट्यावर उभा राहिला. काटा थोडा डुलला आणि चौऱ्याऐंशीवर स्थिरावला. काटा त्याच्या बायकोचा होता. ती परिचारिका होती. घरातल्या माणसांची वजने, ताप आणि औषधांच्या वेळा तिला तोंडपाठ असत. आजारपणाच्या शेवटच्या सहा महिन्यांत तिने स्वतःच तो काटा पायाने पलंगाखाली सरकवून दिला होता. आज दोन वर्षांनी सुताराने तो बाहेर ओढला होता, ओल्या फडक्याने पुसला होता आणि सुकेपर्यंत वाट पाहिली होती.

एका माणसाने त्याचे वजन विचारले होते, म्हणून.

मोबाइलवर तो संदेश अजून उघडाच होता. "काका, आधी कुठलाही भाग विकत घेऊ नका. आधी चार गोष्टी सांगा. वजन किती, रस्ता कसा आहे, एका दमात किती लांब जायचंय, आणि पडलात तर तुमची हाडं किती दिवसांत जुळतात. त्यावरून मोटर ठरेल."

सुतार बाकावर बसला आणि एका बोटाने उत्तर लिहू लागला. वजन चौऱ्याऐंशी. रस्ता सपाट, मध्ये पुलाचा एक चढ. घर ते कारखाना चार किलोमीटर, जाऊन येऊन आठ. हाडांचे ठाऊक नाही, अजून एकही मोडलेले नाही. खाली त्याचे नाव आपोआप उमटले, रंधा. मोबाइलवरच्या त्या गटात शिरताना नाव मागितले तेव्हा समोर रंधाच पडला होता, म्हणून त्याने तेच लिहिले होते.

ज्याने प्रश्न विचारले होते त्याचे नाव गटावर ठिणगी असे होते. सुताराने त्याला आठव्या वर्षापासून वाढवले होते.

लाँगबोर्ड म्हणजे चार चाकांची लांब फळी, तिच्यावर उभे राहून जायचे. आणि खाली मोटर व बॅटरी बसवली की पायाने ढकलावे लागत नाही, हातातल्या रिमोटने ती पळते आणि थांबते, एवढे ज्ञान सुताराला चार महिन्यांपूर्वीच झाले होते. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या एक बाई त्याच्या कारखान्यात आल्या होत्या. तिशीच्या, काखेत निळे हेल्मेट. पातळ थर एकावर एक चिकटवून दाबात वाकवलेली फळी करून द्याल का, असे त्यांनी विचारले. सुताराला वाटले, वर्गात नकाशा लावायला हवी असेल. त्यांनी हसत मोबाइल काढून त्याला तो गट दाखवला. घरी असे बोर्ड बनवणारे दीडदोनशे लोक तिथे एकमेकांना सल्ले देत होते.

"ह्या ठिणगीदादाचं वाचा," बाई म्हणाल्या. "तो मापं सांगेल तशी करा. बाकीचे हवेत गोळ्या मारतात."

सुताराने चष्मा लावला. कुणाला तरी बॅटरीबद्दल समजावले होते. वाक्ये छोटी, शेवटी "जमेल" एवढाच शब्द. पोरगा शाळेत असताना भिंतीवरच्या पाटीवर आईसाठी निरोप लिहून जायचा, तेव्हाही शेवटी हाच शब्द असायचा. आणि ते नाव. नऊ वर्षांचा असताना त्याने सुताराचे ड्रिल मशीन उघडून तारा उलट्या जोडल्या होत्या आणि अख्ख्या गल्लीचे दिवे घालवले होते. भुवया जळालेल्या पोराकडे पाहून त्याची आई हसत सुटली आणि त्या दिवसापासून घरात त्याचे नाव ठिणगी पडले. घराबाहेर ते कुणालाही माहीत नव्हते.

"काय झालं?" बाईंनी विचारले.

"काही नाही. बारीक अक्षर आहे."

बाईंची फळी त्याने आठवड्यात करून दिली. आणि मग एका दुपारी स्वतःसाठी प्रश्न टाकला. वय अठ्ठावन्न, पहिलाच बोर्ड, भाग कसे निवडावेत.

*

दोन वर्षांत त्या दोघांमध्ये एक शब्द झाला नव्हता.

आजाराचे कळले तेव्हा बायकोने पहिली गोष्ट केली ती म्हणजे सुताराला शपथ घातली. पोराला सांगायचे नाही. त्याची नवी नोकरी, दूरचे शहर. अर्धवट टाकून येईल आणि उशाशी बसून राहील. कुणाला काय, किती आणि कधी सांगायचे हे ठरवण्यात तिची उभी नोकरी गेली होती. आपल्या बाबतीतही तिने तसेच ठरवले. फोनवर ती नीट बोलायची. बोलून झाले की भिंतीकडे तोंड करून पडायची.

ती गेली, त्यानंतर पोरगा आला. दारातल्या माणसांमधून वाट काढत आत गेला, बराच वेळ आतच राहिला, आणि बाहेर आल्यावर सुतारासमोर उभा राहिला.

"सात महिने," तो म्हणाला. "एक फोन करायला काय झालं होतं?"

शपथ तिची होती हे त्याला सांगता आले असते. पण जी आता नाही तिच्यावर पोराने चिडावे आणि ते चिडणे जन्मभर बाळगावे, हे त्याला नको होते. शिवाय त्या सात महिन्यांत एक दिवस असा होता की ज्याचे खापर तिच्या माथ्यावर फोडता आले नसते.

"तुम्ही माझे कोण लागता म्हणून हे ठरवलंत?"

आईने लग्न केले तेव्हा पोराने त्याला बाबा म्हणायला नकार दिला होता आणि कुणी त्याला जबरदस्ती केली नव्हती. बावीस वर्षे तो त्याला काका म्हणत आला. शेजारचा माणूस काका, दुकानदार काका, तसाच हाही. सुताराला त्याचे काही वाटायचे नाही. वाटायचे, पण हाक मारल्यावर आपण वळतो ना, मग झाले.

आणि आता गटावर तोच शब्द परत आला होता. वयाने मोठे कुणीही दिसले की गटातले सगळे काका म्हणत, तसे ठिणगीनेही म्हटले. वजनाचा संदेश वाचताना सुतार त्या एका शब्दापाशी किती तरी वेळ थांबला होता.

*

उत्तरे दुपारी एक ते दोनच्या मध्ये येत. जेवणाच्या सुट्टीत लिहीत असणार. सुतारानेही आपली जेवणाची वेळ एकवर आणून ठेवली. डबा उघडायचा, मोबाइल शेजारी ठेवायचा आणि एका हाताने खायचे.

पहिला मोठा प्रश्न मोटरचा होता. मोटर चाकाच्या पोटात बसवलेली घ्यावी, की बाजूला बसवून पट्ट्याने चाक फिरवणारी? चाकातली मोटर दिसायला देखणी, आवाज नाही, देखभाल नाही. सुताराचे मन तिच्यावर बसले होते.

"पुलाचा चढ आहे म्हणालात," ठिणगीने लिहिले. "चौऱ्याऐंशी किलो घेऊन ती मोटर चढावर तापेल आणि नेमकी मध्येच दम टाकेल. पट्टेवाल्या दोन घ्या. आवाज करतात, पट्टे झिजतात, बदलावे लागतात. पण चढावर सोडून जात नाहीत. आणि ब्रेक दोन्ही चाकांना लागतो. काका, आधी ब्रेक, मग वेग. जमेल."

सुताराने पट्टेवाल्या दोन मोटरी वहीत लिहिल्या. ती वही तो जपून वापरायचा. आठवड्याला एकच प्रश्न विचारायचा, असे त्याने ठरवले होते. फार विचारले तर माणूस कंटाळतो. मनात पाच प्रश्न असले तरी चार वहीत ठेवायचे. काहींची उत्तरे त्याने आधीच दुसरीकडे वाचलेली असत. तरी तो विचारायचा. चाके किती मोठी घ्यावीत हे बाईंनी त्याला चांगले समजावले होते, तरीही एका सोमवारी त्याने विचारले. ठिणगीने अगदी पहिलीतल्या मुलाला सांगावे तसे सांगितले की मोठे आणि मऊ चाक खडा गिळून टाकते, लहान आणि टणक चाक खड्यावर अडते आणि उभा माणूस पुढे फेकला जातो. सुताराने लिहिले, कळले. मग लिहिले, धन्यवाद.

बॅटरीच्या वेळी ठिणगी जवळजवळ रागावला. सुताराने सुटे सेल आणून स्वतः जोडायचे ठरवले होते. हातांना सवय आहे, तारांना सोल्डरिंगचा डाग देता येतो, असे त्याने फुशारकीने लिहिले.

"पहिल्या बोर्डला नको," उत्तर आले. "सेल चुकीचा जोडला तर तो विझत नाही, पेटतच जातो. तुमच्याकडे लाकूड असणार, भुसा असणार. तयार बॅटरी घ्या, खात्रीच्या माणसाकडून. यात हट्ट करू नका."

सुताराने कारखान्यात नजर फिरवली. कोपऱ्यात भुशाची पोती होती, भिंतीला फळ्या टेकलेल्या होत्या. आपल्याकडे लाकूड आहे हे त्याने कधी लिहिले नव्हते. मग त्याला आपलेच नाव आठवले. रंधा म्हटल्यावर माणूस दुसरे काय धरणार. त्याने तयार बॅटरी घेतली.

फळी मात्र तो स्वतःच करणार होता. तिथे विचारण्यासारखे त्याला काहीच नव्हते आणि नेमका तिथेच त्याला सगळ्यात जास्त विचारावेसे वाटत होते. शेवटी त्याने लिहिले, आठ थर लावणार आहे, मधल्या दोन थरांतल्या लाकडाच्या रेषा आडव्या ठेवू का, की सगळे उभेच? म्हणजे बॅटरीखाली फळी वाकायची नाही आणि कडेला फाटायचीही नाही.

त्या दिवशी उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सुताराचे जेवण दोन्ही दिवस डब्यातच राहिले. आजारी असेल. काम असेल. तिसऱ्या दिवशी एक वाजून गेल्यावर मोबाइल वाजला.

"थर सातच घ्या, मधोमध एकच आडवा. दोन नकोत, फळी मेल्यासारखी होते, पायाला काही कळत नाही. मला लाकडातलं थोडं कळतं. घरात एक सुतार होते."

सुताराने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले. होते. आहेत नाही, होता नाही, होते. मान देऊन दूर ठेवले होते. कारखान्यात नेहमी येणारा रंगारी डबे घेऊन आत आला तेव्हाही तो तसाच बसलेला होता.

"कुणी गेलं का?" रंगाऱ्याने हळू आवाजात विचारले.

"नाही," सुतार म्हणाला. "जुनंच आहे."

फळी त्याने ठिणगीच्या सांगण्याप्रमाणे केली, मधोमध एकच आडवा थर घालून. सरस लावून ती दाबाखाली ठेवली आणि दोन दिवस हात लावला नाही. मग कडा रंध्याने उतरवल्या, तळव्याला कुठे खरखर लागेनाशी होईपर्यंत घासल्या. चाके बसवली, मोटर अजून नाही. बाकाची कड धरून तो तिच्यावर उभा राहिला. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाचे गुडघे त्या चार चाकांवर असे लटपटू लागले की त्याचे त्यालाच हसू आले. रोज सकाळी कामाला लागण्याआधी तो बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असा जाऊ लागला. पंधरा दिवसांनी त्याने कड सोडली.

शेवटचा भाग राहिला तो रिमोट आणि त्याचा हुकूम मोटरपर्यंत नेणारी छोटी पेटी. सुताराने विचारले, चालता चालता रिमोटचा संपर्क तुटला तर बोर्डने काय करावे? तिथे दोन पर्याय होते. एक, ताबडतोब ब्रेक. दुसरा, मोटर सोडून द्यावी आणि बोर्डला आपल्या गतीने थांबू द्यावे.

"दुसरा," ठिणगीने लिहिले. "एकदम ब्रेक लागला तर माणूस तोंडावर आपटतो. मोटर सुटली तर फळी जाईल थोडी पुढे, पण तुम्ही उभे राहाल."

आणि त्याखाली, पहिल्यांदाच, न विचारलेले एक वाक्य होते. "हा शेवटचा भाग ना? येत्या रविवारी सकाळी सात वाजता गटातले चारपाच जण जुन्या गोदामामागच्या पटांगणात भेटतात. मीही येणार आहे, दोन दिवस सुट्टी आहे. पहिल्यांदा एकट्याने चढू नका. नट कुणीतरी दुसऱ्याने तपासलेले बरे."

सुताराने वही पाहिली. खरेच, आता विचारायला काही उरले नव्हते.

*

गोदामामागच्या पटांगणात सिमेंटवर जुन्या गाड्यांच्या जागांचे पांढरे पट्टे होते. सुतार बोर्ड पोत्यात गुंडाळून घेऊन आला आणि भिंतीपाशी उभा राहिला. सहासात जण होते. भूगोलाच्या बाई निळे हेल्मेट घालून गोल गोल फिरत होत्या. त्यांनी त्याला पाहून हात हलवला आणि वळताना जवळजवळ पडल्या.

ठिणगी पाठमोरा, गुडघ्यांवर बसून कुणाच्या तरी चाकाचा नट आवळत होता. बारीक झाला होता. सदरा मागून हाडांना टेकला होता. सुताराला वाटले, अजूनही परत जाता येईल. परत गेलो तर प्रश्नोत्तरे चालू राहतील; काहीतरी बिघडले म्हणून विचारता येईल, पट्टा घसरतो म्हणून, चाक करकरते म्हणून. एकदा समोर गेलो की तेही संपेल.

"ठिणगीदादा, हे ते काका," बाई ओरडल्या. "माझी फळी ह्यांनीच केली. आणि आता स्वतःचाच बोर्ड घेऊन आलेत."

ठिणगी उठला, वळला. सुताराला पाहून त्याचा चेहरा बदलला नाही. त्याने हातातला पाना पँटला पुसला आणि पुढे आला.

"दाखवा," तो म्हणाला.

सुताराने पोते सोडले. ठिणगीने बोर्ड उलटा करून जमिनीवर ठेवला आणि खाली बसला. सुतारही कष्टाने गुडघे मोडून समोर बसला. बाई थोडा वेळ थांबल्या, दोघांकडे पाहून लांब निघून गेल्या.

ठिणगीने पुढच्या चाकापासून सुरुवात केली. एकेक नट पाना लावून पाहिला. बॅटरीची पेटी दोन्ही हातांनी हलवून पाहिली. मग त्याचा अंगठा फळीच्या कडेवरून हळूहळू शेवटपर्यंत गेला.

"तुला ठाऊक होतं," सुतार म्हणाला.

"आडव्या रेषांचं विचारलंत तेव्हा. जो सुतार नाही तो असलं विचारत नाही." त्याने पट्टा बोटाने दाबून पाहिला. "नावावरून आधी शंका आली होती. पण म्हटलं, जगात रंधे पुष्कळ असतात."

"मग उत्तरं का देत राहिलास?"

"प्रश्न बोर्डाचे होते."

पट्टा थोडा सैल होता. ठिणगीने मोटरचा स्क्रू ढिला करून ती मागे ओढली आणि पुन्हा आवळली. पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी पडले, उठले, हसले. सुताराने तळहात मांडीवर ठेवले. इतक्या दिवसांत त्याने हे वाक्य मनात हजारदा जुळवले होते. आता ते सगळे निसटले.

"मंगळवारी तिने सांगितलं होतं, त्याला बोलव म्हणून."

पाना थांबला.

"कुठल्या मंगळवारी?"

"शेवटच्या. बुधवारी पहाटे ती गेली, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी." सुतार जमिनीकडे पाहून बोलत होता. "आधीचे महिने तिचे. तिने शपथ घातली होती, ती मी पाळली. पण मंगळवारी तिने स्वतःच सांगितलं. मी फोन हातात घेतला. तेवढ्यात ती उठून बसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा उठून बसली. अर्धी वाटी सूप प्यायली, खिडकी उघडायला लावली. मला वाटलं, उतार पडतोय. बुधवारी तुझी वरच्या जागेची मुलाखत होती. म्हटलं, एक दिवसाने काय होतंय, मुलाखत झाली की कळवू." तो थांबला. "तो दिवस माझा. तू तेव्हा निघाला असतास तर संध्याकाळी पोचला असतास."

सुतार वाट पाहत राहिला. ओरडेल, उठून जाईल, पाना फेकेल. जे होईल ते होऊ दे, असे ठरवूनच तो आला होता.

"म्हणजे तिने बोलावलं होतं," ठिणगी म्हणाला.

"हो."

"मला."

"तुलाच. दुसरं कोण होतं तिला."

ठिणगीने पाना खाली ठेवला. ठेवताना त्याचा सिमेंटवर बारीक आवाज झाला. मग तो बोर्डाच्या शेजारीच मांडी घालून बसला, जसा लहानपणी कारखान्यात भुशात बसायचा, आणि दोन्ही हातांनी हेल्मेटचा पट्टा सोडू लागला. तो सुटेना. सुताराने हात पुढे केला आणि मागे घेतला. शेवटी पट्टा सुटला.

"शपथ तिनेच घातली असणार, हे मला तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "तुम्ही आपल्या मनाने काही लपवणारे नाही. पण ती नर्स होती, काका. किती दिवस उरलेत हे तिला कळत होतं. आणि तरी बोलावलं नाही. शेवटी शेवटी तरी वाटायला हवं होतं ना. मला वाटलं, तिला मी तिथे नकोच होतो." त्याने नाक सदऱ्याच्या बाहीला पुसले. "तुमच्यावर चिडणं सोपं होतं. तिच्यावर चिडून कुठे जाणार."

सुताराला काही क्षण समजेना की तो काय ऐकतो आहे. आपली चूक तो दोन वर्षे पोटाशी धरून बसला होता. तिच्या आत आईचे बोलावणेही गुंडाळलेले होते, आणि ते ह्या पोराचे होते, हे त्याच्या ध्यानातच आले नव्हते.

"काय म्हणाली?" ठिणगीने विचारले. "नेमकं."

"म्हणाली, त्याला बोलवून घे आता. कामाचं नंतर बघू म्हणावं." सुतार आठवत होता. "मग म्हणाली, येताना केस कापून ये म्हणावं, असला अवतार घेऊन माझ्यासमोर येऊ नको."

ठिणगी हसला. हसू अर्ध्यातच मोडले आणि त्याने चेहरा दोन्ही गुडघ्यांमध्ये घातला. त्याचे खांदे हलत होते. भूगोलाच्या बाई लांबून पाहत होत्या. त्यांनी बाकीच्यांना काहीतरी सांगितले आणि सगळे पटांगणाच्या पलीकडच्या बाजूला गेले.

ऊन भिंतीवरून खाली उतरत सिमेंटवर आले. सुताराचे गुडघे दुखू लागले होते. तो हलला नाही. बऱ्याच वेळाने ठिणगीने मान वर केली, पाना उचलला आणि मागच्या चाकाचा एक नट उरला होता त्याला लावला. डोळे लाल होते, हात स्थिर होता.

"परत सांगा," तो म्हणाला. "सकाळपासून. काही गाळू नका."

सुतार सकाळपासून सांगू लागला.

"आठ वाजले असतील," तो म्हणाला. "मी तिचं तोंड पुसत होतो. बाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती चालू होत नव्हती. ती म्हणाली, त्याच्या गाडीत पेट्रोल नाही, मी पैज लावते."

ठिणगी नट आवळत होता. अगदी थोडा, मग आणखी थोडा. सुतार सांगत राहिला. पलंगावरची चादर कुठे फाटली होती, तिचा कुठला हात चादरीबाहेर होता, तिने पोराचे नाव कसे उच्चारले. ज्या ठिकाणी त्याने फोन हातात घेतला होता आणि सूप आणायला म्हणून परत खिशात ठेवला होता, तिथे येऊन तो थांबला.

ठिणगीने वर पाहिले नाही. पाना नटावर तसाच होता.

"पुढे," तो म्हणाला.